किल्ला, आगगाडी आणि लुटुपुटीची लढाई

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



या व्याख्यानमालेत आतापर्यंत संतवाङ्मय, मराठी रंगभूमी आणि मराठ्यांचा इतिहास अशा भारदस्त विषयांवर विद्वानांची भाषणे झाली. त्या पंगतीत मी खेळण्यांची टोपली घेऊन बसत आहे, याचे काहींना नवल वाटेल. खेळण्यातली आगगाडी आणि खेळण्यातले शिपाई एका काल्पनिक प्रदेशात एकत्र मांडून खेळणे, हा माझा आजचा विषय. कार्यकारिणीने विषयनिवडीचे स्वातंत्र्य दिले म्हणून मी तो धिटाईने घेतला हे खरे. पण त्यामागे एक जुने ऋण आहे, आणि ते मंडळाच्या साक्षीनेच फेडावे असे मला वाटते.

आपल्या मंडळाच्या आवारात दर दिवाळीला मुलांची किल्ल्यांची स्पर्धा भरते. इतिहासाची शिक्षिका म्हणून परीक्षणाचे काम पुष्कळ वर्षे माझ्याकडे होते. एका वर्षी बहीण-भाऊ अशा दोन मुलांनी एक किल्ला केला. विटांच्या ढिगावर चिखलात भिजवलेले गोणपाट अंथरलेले, त्यावर हळीव पेरून उगवलेली हिरवळ, माथ्यावर सिंहासनाधिष्ठित शिवाजीमहाराज आणि बुरुजांवर मावळे. येथपर्यंत सारे यथास्थित होते. परंतु पायथ्याशी रुळांचे एक वर्तुळ होते आणि त्यावर चावीची आगगाडी फिरत होती. पुठ्ठ्याच्या स्टेशनाच्या फलाटावर मातीची भाजीवाली व गवळण गाडीची वाट पाहत उभ्या होत्या. महादरवाजासमोर हिरव्या प्लास्टिकचे बंदूकधारी सैनिक गाडीतून उतरून वेढा घालीत होते!

मी त्या मुलीला विचारले, “अगं, महाराजांच्या काळी आगगाडी होती का?”

ती गोंधळली नाही. म्हणाली, “बाई, मग किल्ल्यावर जायचं कसं? आम्ही तर दरवेळी गाडीनंच जातो.”

मी हसले, आणि कागदावर ‘कालविपर्यास’ असा शेरा मारून गुण कापले. पुढच्या वर्षी ती दोघे स्पर्धेत उतरली नाहीत. त्यानंतरही कधी उतरली नाहीत. माझा शेरा इतिहासाच्या दृष्टीने बिनचूक होता. तरीही तो अन्यायाचा होता, हे कळायला मला फार वर्षे लागली. ते मला शिकवले एच. जी. वेल्स या इंग्रज ग्रंथकाराच्या दोन चिमुकल्या पुस्तकांनी.

वेल्सच्या घरात शिरण्यापूर्वी इंग्लंडातल्याच आणखी दोन घरांत आपण डोकावू. पहिले घर यॉर्कशरमधील हॉवर्थ गावच्या धर्मोपदेशकाचे. १८२६ सालच्या जून महिन्यात पॅट्रिक ब्राँटे यांनी लीड्सहून आपल्या मुलासाठी बारा लाकडी शिपायांचा एक संच आणला. शार्लट, ब्रॅनवेल, एमिली आणि अ‍ॅन या चार भावंडांनी त्या शिपायांना नावे दिली, त्यांना समुद्रापार धाडले आणि त्यांच्यासाठी ‘ग्लास टाउन’ नावाची नगरी वसवली. पुढे तिच्यातून ‘अँग्रिया’ आणि ‘गोंडाल’ ही राज्ये निघाली. त्या राज्यांचा इतिहास, तेथली मासिके, तेथली युद्धे मुलांनी इवल्याशा वह्यांत मुंगीएवढ्या अक्षरांनी लिहून काढली. ‘जेन एअर’ आणि ‘वुदरिंग हाइट्स’ लिहिणाऱ्या लेखण्यांचे पहिले धुळाक्षर या बारा शिपायांवर गिरवले गेले. येथे आधी शिपाई आले आणि मग देश आला.

दुसरे घरही धर्मोपदेशकाचेच. विल्बर्ट ऑड्री यांचा लहान मुलगा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गोवराने आजारी पडला. त्याला रिझवण्यासाठी त्यांनी इंजिनांच्या गोष्टी रचल्या, आणि त्यांचे पहिले पुस्तक १९४५ साली निघाले. पुढे प्रश्न उभा राहिला की ही इंजिने धावतात कोठे? ऑड्रींना एक मौज आढळली. आयरिश समुद्रातील ‘मॅन’ बेटावरच्या धर्मप्रांताचे नाव ‘सोडोर आणि मॅन’ असे आहे. मॅन बेट आहे, पण सोडोर नावाचे बेट कोठेच नाही. मग त्यांनी मॅन आणि इंग्लंडचा किनारा यांच्यामधल्या पाण्यात ते बेट आपल्या कल्पनेने उभे केले. बंधू जॉर्ज यांच्या मदतीने त्याचे डोंगर, नद्या, लोक, भाषा आणि इतिहास यांची रचना केली. त्या बेटाची समग्र माहिती देणारे पुस्तक १९८७ साली प्रसिद्ध झाले. बेटावरच्या एका फाट्याची छोटी प्रतिकृती तयार करून ती ते प्रदर्शनांतूनही मांडीत. येथे आधी आगगाडी आली आणि मग देश आला.

शिपाई आणि आगगाडी या दोघांना एका जमिनीवर आणले ते वेल्सने. १९११ साली त्याचे ‘फ्लोअर गेम्स’ हे पुस्तक निघाले, तेव्हा त्याचा थोरला मुलगा दहा वर्षांचा आणि धाकटा आठ वर्षांचा होता. खेळाला लागणाऱ्या वस्तूंचे चार वर्ग त्याने सांगितले आहेत: शिपाई व इतर माणसे, लाकडी ठोकळे, फळ्या, आणि चावीच्या आगगाड्या व त्यांचे रूळ. खोलीची जमीन कधी समुद्र होई आणि फळ्या बेटे होत. कधी त्याच जमिनीवर दोन जुळी शहरे वसत. शहरे दोनच का? तर दोन्ही मुलांना नगराध्यक्ष व्हायचे असे! दोन नगरांतून एकच लोहमार्ग जाई. स्टेशने, दुकाने, नगरभवन, प्राण्यांचा बाग असा सारा संसार मांडला जाई. आपल्याकडे मुलींच्या भातुकलीत घराचा संसार असतो. वेल्सच्या मुलांची ही शहराची भातुकली होती.

याच पुस्तकात त्याने खेळण्यांच्या दुकानदारांविरुद्ध एक तक्रार मांडली आहे. दुकानात जावे तर शिपाईच शिपाई! विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने १८९३ पासून आतून पोकळ असे शिशाचे सैनिक ओतण्यास सुरुवात केली होती. ते हलके आणि स्वस्त असल्याने घरोघरी पोचले होते. पण शहर वसवायचे तर व्यापारी, टपालवाले, हमाल अशी साधी माणसे हवीत, आणि ती मिळत नाहीत, ही वेल्सची खंत. हे वाचताना मी एकदम थांबले. आपल्या कुंभाराच्या टोपलीत मावळ्याशेजारी भाजीवाली असते, गवळण असते, शेतकरी असतो. वेल्सला जे विलायतेच्या बाजारात मिळेना, ते आपल्या मुलांना दिवाळीच्या बाजारात सहज मिळत आले आहे. आणि त्या दोन मुलांनी तर त्या भाजीवालीला फलाटावर उभे केले होते.

दोन वर्षांनी, १९१३ मध्ये, वेल्सचे दुसरे पुस्तक आले, ‘लिट्ल वॉर्स’. यात शहराचा संसार मागे पडला आणि लढाई पुढे आली. खेळण्यातल्या तोफेतून लाकडाची लहानशी कांडी उडवून शिपाई पाडायचे, हे त्या खेळाचे मूळ. परंतु वेल्सने त्याला काटेकोर नियम घातले. पायदळाने एका खेपेस एक फूट चालायचे, घोडदळाने दोन फूट. तोफेच्या सहा इंचांच्या आत चार शिपाई उभे नसतील तर तोफ डागता यायची नाही. प्रत्येक खेपेला घड्याळ लावायचे. सर्वांत सुंदर नियम प्रदेशाच्या मांडणीचा आहे: एका खेळाडूने डोंगर, झाडे, घरे मांडायची, आणि कोणत्या बाजूने लढायचे ते दुसऱ्याने निवडायचे. म्हणजे मांडणाऱ्याने पक्षपात केला तर तो त्याच्याच अंगाशी यावा. एका भावाने लाडू फोडावा आणि दुसऱ्याने आधी अर्धा उचलावा, या आपल्या घरगुती न्यायाचेच ते रूप आहे.

पुस्तकाच्या शेवटी वेल्स गंभीर होतो. ज्यांना युद्धाची खुमखुमी आहे अशा राजेरजवाड्यांना आणि युद्धाची हाकाटी करणाऱ्यांना एका मोठ्या दालनात कोंडावे, त्यांना पाडण्यासाठी छोटी घरे, छोटी झाडे आणि मनसोक्त शिपाई द्यावेत, आणि बाकीच्या जगाला सुखाने जगू द्यावे, अशी त्याची सूचना आहे. हा खेळ तीन-चारदा खेळला तरी मोठे युद्ध किती गलथान आणि अवाढव्य प्रकरण असणार हे कळते, असेही तो म्हणतो. हे छापून झाल्यावर वर्षभरात महायुद्ध पेटले. १९१४ साली याच वेल्सने, हे युद्ध युद्धांचाच अंत करील, या अर्थाच्या मथळ्याचे पुस्तक लिहून त्या युद्धाची बाजू घेतली. ते युद्ध संपले. युद्धे संपली नाहीत.

येथे कोणी विचारील की लढाईचा खेळ माणसाला युद्धापासून परावृत्त करतो, हे मग खोटेच ना? या प्रश्नाला बगल देऊन चालणार नाही; कारण लढाईचा खेळ आणि आगगाडी या दोहोंची सांगड वेल्सच्या आधीच एका निराळ्या ठिकाणी बसली होती, आणि तेथे ती खेळासाठी नव्हती. प्रशियातील राइसविट्झ नावाच्या गृहस्थाने १८१२ साली आपल्या राजापुढे एक टेबल ठेवले, ज्यावर प्रदेश मांडून सैन्याच्या हालचाली खेळता येत. त्याच्या मुलाने, जो लष्करी अधिकारी होता, १८२४ मध्ये तोच खेळ नकाशावर आणून त्याचे सविस्तर नियम प्रसिद्ध केले. प्रशियाच्या अधिकाऱ्यांचे शिक्षण त्यावर होऊ लागले. १८५७ पासून १८८८ पर्यंत सेनापतिकार्यालयाचा प्रमुख असलेला मोल्टके या खेळाचा चाहता होता, आणि लोहमार्गांचे लष्करी महत्त्व ओळखणाराही होता. १८६६ मध्ये ऑस्ट्रियाविरुद्धच्या युद्धात प्रशियाने पाच लोहमार्गांनी सैन्य सरहद्दीवर आणून उतरवले. खेळातले ठोकळे आणि वेळापत्रकातले आकडे यांचे असे लग्न लागले.

त्या लग्नाचे फळ १९१४ मध्ये दिसले. १ ऑगस्टच्या सायंकाळी कैसर विल्यमला क्षणभर असे वाटले की पश्चिमेकडचे युद्ध टळेल. सारे सैन्य पूर्वेकडे वळवा, असे तो म्हणाला. तेव्हाचा सेनाप्रमुख म्हणजे थोरल्या मोल्टकेचा पुतण्या. त्याने सांगितले की ते अशक्य आहे. लाखो माणसांची ने-आण ठरलेल्या वेळापत्रकाने सुरू व्हायची आहे, ती आता बदलता येणार नाही. तुझ्या चुलत्याने मला निराळे उत्तर दिले असते, असे कैसर त्याला बोलला म्हणतात. गाड्या ठरल्याप्रमाणे निघाल्या.

बर्लिनचा खेळ आणि वेल्सच्या मुलांचा खेळ यांत फरक कोठे आहे, याचा मी पुष्कळ विचार केला. बर्लिनच्या टेबलावर लोहमार्ग होता, तो फक्त सैन्य नेण्याची रेषा म्हणून. त्या रेषेवर गवळण नव्हती. कोणी सुट्टीला घरी निघालेले नव्हते, कोणाची आई फलाटावर उभी नव्हती. वेल्सच्या मुलांनी मात्र आधी शहर बांधले होते आणि रूळ आपल्या हातांनी जोडले होते. ज्याने तीन दिवस खपून पूल उभारला, त्याला तो पाडण्याची आज्ञा देताना हात आवरावासा वाटतो. लढाईचा खेळ काही शिकवीत असेल, तर तो याच ठिकाणी शिकवतो. स्वतः वेल्सचाही तोल, मला वाटते, दुसऱ्या पुस्तकात आगगाडीचा संसार मागे टाकला तेव्हा ढळला.

आता काही जिज्ञासू मुले समोर बसली आहेत, त्यांच्यासाठी प्रत्यक्ष मांडणीचे चार शब्द. आगगाडीच्या प्रतिकृतींत एक फार प्रचलित प्रमाण आहे १:७६, म्हणजे खऱ्या वस्तूच्या शहात्तराव्या हिश्शाची प्रतिकृती. तिच्या रुळांतले अंतर १६.५ मिलिमीटर असते. हॉर्न्बीच्या कारखान्याने या प्रमाणाच्या गाड्या १९३८ मध्ये बाजारात आणल्या. १९५९ पासून एअरफिक्स कंपनीने जवळजवळ त्याच मापाचे प्लास्टिकचे लहान शिपाई काढले. ते अत्यंत स्वस्त असल्याने शिपायांचा खेळ खेळणाऱ्यांना गाडीवाल्यांची घरे, पूल आणि झाडे आयतीच वापरता येऊ लागली. दोन छंदांची सोयरीक अशी मापामुळे जुळली.

पण सोयरिकीत एक अडचण आहे. या प्रमाणात आपला एक साधा डबा सुमारे २८ सेंटिमीटर होतो. दहा डब्यांची गाडी म्हणजे जवळजवळ तीन मीटर, आणि एक किलोमीटर अंतर म्हणजे तेरा मीटर! दिवाणखान्यात खरे मुंबई-पुणे बसणे शक्य नाही. म्हणून जाणते लोक खऱ्या गावाचा हट्ट सोडून एखादा काल्पनिक फाटा निवडतात: लहान इंजिन, दोन डबे, एक शेवटचे स्टेशन. जॉन अहर्न या इंग्रज गृहस्थाने ‘मॅडर व्हॅली’ नावाचा असाच एक काल्पनिक खोऱ्यातला लोहमार्ग घरात उभारला. ती मांडणी ऑक्सफर्डशरमधील पेंडन संग्रहालयात जपून ठेवली आहे. लढाईच्या खेळातही हीच तडजोड असते; एक शिपाई तीसचाळीस शिपायांच्या जागी उभा असतो आणि एक घर म्हणजे एक गाव समजायचे असते. काल्पनिक प्रदेश हा आळशी माणसाची पळवाट नव्हे. खोलीच्या चार भिंतींत एक अखंड जग बसवण्याचा तोच प्रामाणिक मार्ग आहे.

नियमही सोपे ठेवता येतील. वेल्सच्या मापाने पायदळ एक फूट जाते. गाडीला आपण सहा फूट द्यावेत, परंतु रूळ जेथे अखंड असेल तेथेच. चढायला एक खेप आणि उतरायला एक खेप खर्ची घालावी. सांधे ज्याच्या ताब्यात, त्याने गाडीचा मार्ग ठरवावा. आणि एक नियम माझ्या पदरचा: जो रूळ उखडील, त्याने पुढच्या डावापूर्वी तो स्वतःच्या हातांनी जोडून द्यावा, आणि तोपर्यंत फलाटावरची माणसे कोणीही उचलून पेटीत ठेवू नयेत. त्यांना वाट पाहू द्यावी. खेळणाऱ्यांनीही ते पाहावे.

भगिनींनो आणि बंधूंनो, आता त्या दोन मुलांकडे परत येते. मी त्यांच्या किल्ल्यात इतिहासातली चूक पाहिली, कारण मी इतिहास तपासायला गेले होते. त्यांनी इतिहास मांडलाच नव्हता. त्यांनी आपला प्रदेश मांडला होता. शिवाजीमहाराज त्यांना आजीच्या गोष्टींतून भेटले होते, हिरवे सैनिक येथल्या बाजारातून आले होते, आणि या दोन टोकांना जोडणारी वस्तू त्यांच्या अनुभवात एकच होती, ती म्हणजे आगगाडी. दीड-दोन दिवसांचा प्रवास, पत्र्याच्या ट्रंका, खिडकीशी बसण्यावरून भांडण, आणि एका पहाटे फलाटावर कानी पडणारी मराठी आरोळी, हाच त्यांचा किल्ल्यावर जाण्याचा रस्ता होता. पन्नास वर्षांत या मंडळातल्या किती कुटुंबांचा महाराष्ट्र असाच रुळांच्या त्या टोकाला राहिलेला आहे! त्या मुलीने जे उत्तर दिले, ते आपणा सर्वांच्या वतीने दिले होते, आणि मी त्याचे गुण कापले.

आता ती दोघे मोठी होऊन नोकरीनिमित्त दूर गेली आहेत. हे भाषण स्मरणिकेत छापले जाईल आणि स्मरणिका जुन्या सभासदांनाही पाठवली जाणार आहे, असे चिटणीसांनी मला सांगितले आहे. तेव्हा ते त्यांच्या हाती पडेल अशी आशा धरून येथे नमूद करते की त्या वर्षीचा माझा शेरा मी मागे घेत आहे.

आणि कार्यकारिणीला एक विनंती. येत्या दिवाळीपासून किल्ल्यांच्या स्पर्धेत ऐतिहासिक किल्ल्यांचा विभाग आहे तसाच राहू द्यावा. राजगड हा राजगडासारखाच दिसला पाहिजे, याबद्दल माझे मत तसूभरही बदललेले नाही. मात्र त्याच्या शेजारी ‘काल्पनिक प्रदेश’ असा एक दुसरा विभाग उघडावा. त्यात गड असावा, गाव असावे, आगगाडी असावी. मुलांना हवी तर लढाईही असावी. अट एकच असावी, की शिपायांइतकीच साधी माणसे त्या प्रदेशात असली पाहिजेत आणि प्रत्येकाला जायला एक ठिकाण असले पाहिजे. परीक्षक म्हणून मात्र कृपा करून मला बोलावू नये. रूळ जोडायला कोणी हवे असेल, तर मी आनंदाने येईन.